महालक्ष्म्यांच्या डोक्यावर सहा मजले

ती घटना आजही आठवते ती एका वाटीभर दहीभातामुळं. नोकरीत मी कोयते, कुऱ्हाडी, रक्ताचे कपडे, नाही नाही ते पुरावा म्हणून सील केलं. पण वाटीत सुकलेल्या दहीभातानं तपास लागला, असं एकदाच झालं. आणि खरं सांगायचं तर तो पुरावा मला दिसलाच नव्हता. तो माझ्या हवालदाराला दिसला.

सध्या मी अकोल्यात राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका सात मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. वरच्या घरातली दोन पोरं सकाळ-संध्याकाळ माझ्या डोक्यावर पळापळी करतात. त्यांचाही या हकिकतीशी संबंध आहे, तो पुढं येईल. नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही. त्या घरातली माणसं आजही माझ्याशी बोलतात आणि सणाला जेवायला बोलावतात. ते मला टिकवायचं आहे.

तेव्हा मी अमरावतीत ठाणेदार होतो. माझ्या हद्दीत रेल्वे स्टेशनच्या मागं अठरा बैठ्या घरांची एक वस्ती होती. सगळी माळ्यांची घरं. एकेकाळी तिथं त्यांचा मळा होता. शहर वाढत गेलं, मळा आक्रसत गेला, शेवटी एक विहीर आणि दारोदारी शेवंतीचे वाफे तेवढे उरले. माणसं बाजारात भाजी विकायची, बाया घरात बसून हार ओवायच्या.

या जागेवर नवी योजना आली होती. स्टेशनला लागून उंच इमारती उभ्या करायच्या. खाली दुकानं, त्यावर तीन मजले कचेऱ्या, त्याच्या वर राहती घरं. माणसानं गाडीतून उतरावं, चालत कामावर जावं, चालत घरी यावं. मला ही कल्पना मनापासून आवडली होती, कारण माझ्या ठाण्याची अर्धी ताकद राजापेठच्या चौकात अडकलेल्या दुचाक्या सोडवण्यात खर्ची पडत होती. अठराही कुटुंबांना त्याच जागी नवी घरं मिळणार होती. अट एकच. एका ठरलेल्या सोमवारी सगळ्या अठरा घरांच्या सह्या झाल्या पाहिजेत. एक जरी राहिली, तरी योजना स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला जाणार.

सतरा घरं तयार होती. अठरावं घर एका म्हातारीच्या नावावर होतं. पंचाहत्तरी ओलांडलेली, नऊवारी लुगड्यातली, ताठ कण्याची बाई. ती नाहीही म्हणत नव्हती आणि होही म्हणत नव्हती.

सह्यांच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी आठच्या सुमारास तिचा मुलगा ठाण्यात आला. पोळा चारपाच दिवसांवर आला होता आणि मी बंदोबस्ताचा कागद करत बसलो होतो. मुलगा पन्नाशीचा, भाजीवाला. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

"साहेब, माय घरात नाही. अन् महालक्ष्म्यांची पेटीबी नाही."

महालक्ष्म्यांची पेटी म्हणजे काय, ते आमच्या वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. भाद्रपदात घरोघरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, सोबत त्यांची दोन बाळं. त्यांचे पितळी मुखवटे वर्षभर पेटीत ठेवलेले असतात आणि त्या पेटीला घरातला जाणता माणूससुद्धा पाय लागू देत नाही. म्हातारी एक वेळ शेजारी गेली असं म्हणता आलं असतं. पेटीही गेली म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

"कोणावर संशय?"

"तो बिल्डरचा इंजिनियर. काल सांजच्याला आमच्या दारात उभा होता. मायसंग काहीतरी बोलला अन् माय दार लावून रडली. शेजाऱ्यांनी पाहिलं हाये."

मिसिंगची नोंद घेतली, स्टेशन डायरीला वेळ टाकली, फोटो मागवून घेतला. दवाखाने, बसचे थांबे, रेल्वे पोलीस, सगळीकडं निरोप गेले. म्हातारी मोबाईल वापरत नव्हती, त्यामुळं आजच्या तपासाची अर्धी हत्यारं आधीच बोथट झाली. चौकातल्या कॅमेऱ्याचं तोंड दुसऱ्या रस्त्याकडं होतं. मग मी, हवालदार आणि दोन पंच असे त्या घरी जाऊन पंचनामा करून आलो. दाराला मोडतोड नाही, झटापटीची खूण नाही. देवघराखाली पेटीचा कोनाडा, तो रिकामा. मी सांगत गेलो, हवालदार लिहीत गेला: 'कोनाड्यात किरकोळ पूजासाहित्य.'

'किरकोळ' हा शब्द माझा. त्या एका शब्दानं माझा एक दिवस खाल्ला.

आम्ही घराबाहेर आलो तर वस्तीतली माणसं इंजिनियरच्या साइटवरच्या खोलीला वेढा घालून उभी होती. दोन दगड पत्र्यावर पडलेही होते. मी त्याला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. अटक नव्हती, पण लोकांना ती अटकच वाटली आणि मीही त्यांचा समज मोडला नाही. त्यानं गर्दी शांत होत होती.

इंजिनियर तिशीच्या आतबाहेरचा, पश्चिम महाराष्ट्रातला. हातात नकाशांची गुंडाळी होती. दगड पडत असतानाही ती त्यानं सोडली नव्हती.

"काल संध्याकाळी म्हातारीला काय बोललास?"

"सर, मी फक्त सोमवारी अकराला या, एवढं सांगायला गेलो होतो. आजींनी विचारलं, आमचं घर कितव्या मजल्यावर? मी म्हटलं, पाचव्या. त्यांनी विचारलं, आमच्या वर काय? मी म्हटलं, वर अजून सहा मजले आहेत, तिथंही माणसं राहणार. त्यावर त्यांनी दार लावून घेतलं."

"धमकी दिलीस."

"नाही सर."

"सही केली नाही तर बघून घेतो म्हणालास."

"नाही सर. मी सहा मजले म्हणालो."

हेच मी त्याला वेगवेगळ्या तऱ्हेनं दुपारपर्यंत विचारलं आणि त्यानं प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस चौथ्या वेळी काहीतरी सुधारून सांगतो. या माणसानं एक शब्द बदलला नाही. हे मला कळत होतं, तरी मी ते मनावर घेतलं नाही. वरून फोन येत होते, बाहेर मुलगा अपहरणाचा गुन्हा दाखल करा म्हणून बसला होता आणि मला आरोपी हवा होता. माझा स्वभाव तापट. त्या दिवशी मी त्या पोरावर टेबल आपटून ओरडलो, ते आठवलं की आजही वाईट वाटतं. उत्तर त्यानं पहिल्याच वाक्यात देऊन टाकलं होतं. मी ऐकत नव्हतो.

संध्याकाळी ठाण्यात फोन वाजला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. राजापेठेकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा चहावाला असावा, मागं स्टोव्हचा आवाज येत होता.

"साहेब, त्या बुढीच्या सुनेले विचारा. सकाळी उजाडता उजाडता डोक्यावर पेटी घेऊन इकडून गेली. वापस आली तं हात रिकामे."

"म्हातारी होती सोबत?"

"नाही. एकटीच होती."

खबर खरी असेल तर चित्रच पालटत होतं. सून म्हणजे चाळिशीची, शांत, हार ओवणारी बाई. सकाळी मी गेलो तेव्हा तिनं पाणी दिलं होतं आणि एक शब्द बोलली नव्हती. नवं घर तिलाही हवं होतं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारी अडून बसली होती. बाकीचा हिशेब माझ्या डोक्यानं लगेच जुळवला. पोलिसाच्या डोक्याला सासू-सुनेची एकच गोष्ट पाठ असते.

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. सोमवारी सकाळी महिला शिपायाला घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. नवऱ्याला ओसरीवर बसवलं.

"काल पहाटे पेटी घेऊन कुठं गेली होतीस?"

सून खाली बघत राहिली.

"सासू कुठं आहे?"

काही नाही. पुढ्यात ओल्या फडक्यात शेवंतीची फुलं होती. तिचे हात आपोआप फूल उचलत होते, दोऱ्यात घालत होते. मी विचारत होतो, ती हार ओवत होती. अर्ध्या तासात हार हातभर झाला आणि माझी फाइल होती तिथंच राहिली.

"बाई, तुझ्यावर गुन्हा दाखल होईल. कळतं का तुला?"

"कळते, साहेब," एवढं बोलली आणि पुढचं फूल उचललं.

मी वैतागून उठलो. माझा हवालदार आत देवघरासमोर उकिडवा बसला होता. हा माणूस तिवस्याकडचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पाठ कायम दुखणारी. मला वाटलं पाठ मोकळी करतोय.

"साहेब, जरा इकडे या," तो म्हणाला. "हे आपण काल काय लिहिलं?"

"किरकोळ पूजासाहित्य."

"किरकोळ नाही हे."

कोनाड्यात, जिथं पेटी असायची तिथं, मधोमध एक सुपारी होती. सुपारीवर हळद-कुंकू, भोवती अक्षता. बाजूला पितळी वाटी, तिच्यात सुकून पापुद्रा धरलेला दहीभात.

"पेटी चोराले पाहिजे असती तं तो सुपारी ठेवते काय?" हवालदार हळू आवाजात म्हणाला. "आमच्या घरी रिवाज हाये. देव जाग्यावरून हलवले तं जागा रिकामी ठेवत नाही, सुपारी मांडते. अन् देव गावाले निघाले तं दहीभाताची शिदोरी देते. साहेब, महालक्ष्म्या चोरीले नाही गेल्या. त्याईले पाठवलं हाये. मानानं पाठवलं."

मी त्या वाटीकडं बघत उभा राहिलो. आमच्याही घरी महालक्ष्म्या बसतात, पण माझा त्यांच्याशी संबंध पुरणपोळीपुरता. बाकी सगळं बायको बघते. तिला पंच म्हणून नेलं असतं तर रविवारी सकाळी नऊलाच तपास संपला असता.

हे करणारी सूनच. सासूचं वाईट चिंतणारी बाई देवांना शिदोरी बांधत नाही. मग बोलत का नाही?

नेमका त्याच वेळी बिनतारी संदेश आला. शहराबाहेर रुळांच्या कडेला एक अनोळखी वृद्ध स्त्री मृतावस्थेत आढळली होती. वय अंदाजे सत्तर.

मी परत वळलो आणि तो संदेश सुनेसमोर मुद्दाम मोठ्यानं सांगितला. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. महिला शिपायानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती माझ्या लक्षात आहे.

सुनेच्या हातातला हार खाली पडला.

"लुगडं कोणतं हाये अंगावर?"

मी बिनतारीवर परत विचारून घेतलं. "हिरवं. सुती."

तिनं दोन्ही हात जोडून कोनाड्याकडं बघितलं. "मंग आमची माय नाही. ते जांभळं लुगडं नेसून गेल्या. म्या स्वतः काढून देल्लं."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. मग ती रडायला लागली, आणि तिच्यामागं ओसरीवरचा नवराही. ती हिरव्या लुगड्यातली बाईसुद्धा कुणाची तरी माय होतीच. दोन दिवसांनी तिची माणसं सापडली. पण त्या क्षणी मला फक्त आमची म्हातारी वाचली एवढंच वाटलं, हेही कबूल करतो.

"अचलपूरले गेल्या," सून म्हणाली. "त्यांच्या मोठ्या जाऊबाईकडे. पेटी म्या एसटीपर्यंत पोचवली. माय पुढं निघून गेल्या होत्या, कोणाले समजू नये म्हणून."

"पण कशासाठी?"

"नव्या घरी आमच्या वर सहा मजले येणार ना साहेब. माय म्हणे, महालक्ष्म्यांच्या डोक्यावर लोकं चालतीन. कोणाचं न्हाणीघर येईन, कोणाचा संडास येईन. वर्षभर देव पेटीत असले तरी देवच हायेत. म्हणे, सही करीन, पोराचं घर अडवत नाही. पण आंधी देव जिथून आणले तिथं पोचवून येतो."

तिचा नवरा दारात येऊन उभा होता. "अवं, मंग मले सांगतलं काहून नाही?"

"मायनं शपथ घातली होती. म्हणे, पोरगा अर्ध्या रस्त्यातून हात धरून वापस आणीन अन् सहीले बसवीन. दोन दिवस बोलू नको." ती माझ्याकडं वळली. "मले बी ते घर पाहिजे, साहेब. घरात नळ पाहिजे, संडास पाहिजे. पण त्याईले नाराज करून नाही."

"तो इंजिनियर कालपासून ठाण्यात आहे, माहीत होतं का तुला?"

तिला माहीत नव्हतं. वस्तीत सगळे बोलत होते, पण ती कालपासून दाराबाहेर पडली नव्हती आणि नवरा दिवसभर ठाण्यातच बसून होता. तिनं जीभ चावली. "अरे देवा! त्यानं तं काहीच नाही केलं."

सह्यांची वेळ होऊन गेली होती. मी वस्तीच्या लोकांना सांगितलं की म्हातारी जिवंत आहे, संध्याकाळी घेऊन येतो, आणि यादरम्यान कोणी पत्र्यावर खडा जरी मारला तर त्याचा पोळा कोठडीत होईल. योजनेच्या माणसांनीही संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं. मग ठाण्यातून इंजिनियरला उचललं. तो घाबरला.

"आता कुठं, सर?"

"अचलपूरला. ती गुंडाळी घे सोबत."

जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं सातजण. नवरा-बायको समोरासमोर बसले होते आणि एकमेकांकडं बघत नव्हते. अर्ध्या वाटेवर त्यानं पिशवीतून केळं काढून तिच्या हातात ठेवलं, तिनं सोलून अर्धं त्याला दिलं. मी खिडकीबाहेर बघितलं. म्हातारी खरंच तिथं पोचली का, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. तिकडचा फोन लागत नव्हता, निरोपही आलेला नव्हता.

अचलपुरातलं घर एका अरुंद बोळात होतं. खाली जुन्या मातीच्या भिंती, वर नवं सिमेंटचं बांधकाम. दार उघडंच होतं. आत दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसून गवार निवडत होत्या. एकीचं लुगडं जांभळं.

मला तिच्यावर ओरडायचं होतं. दीड दिवसाचा राग जिभेवर तयार होता. त्याऐवजी मी दाराच्या पायरीवर बसलो आणि पाणी मागितलं. हवालदार भिंतीला टेकून एकटाच हसत होता.

मुलगा आत गेला आणि मायच्या पायाशी बसून लहान लेकरासारखा रडला. ती त्याच्या डोक्यावर हात फिरवत माझ्याकडं बघत राहिली.

"हा कोण हो?"

"ठाणेदार साहेब हायेत, माय," सून म्हणाली.

"पोलीस? काहून? म्या काय केलं? एसटीत तिकीट नाही काढलं म्हणून? आमाले माफ हाये ना तिकीट. कार्ड दाखवलं म्या."

सगळे हसले. हसता हसता इंजिनियरच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं नकाशाच्या गुंडाळीनंच पुसलं.

पेटी कोपऱ्यात पाटावर ठेवलेली होती, तशीच बंद. "ठेवून घेतली का मग?" मी विचारलं.

"कुठी घेतली!" म्हातारी तक्रारीच्या सुरात म्हणाली. "बाई नाही म्हणते. वेगळं निघताना ह्याच घरातून देल्ल्या होत्या, सासूबाईनं. आता वापस घेत नाही."

बाई म्हणजे तिची मोठी जाऊ. ऐंशीच्या पुढची, दात नसलेली, डोळे मात्र लखलखीत. त्याच वेळी छतावर धडधड आवाज झाला. कोणीतरी धावत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलं, पाठोपाठ दुसरं गेलं. छताची थोडी माती खाली पडली.

मोठ्या जावेनं बोट वर केलं. "पाहा. नातवानं वर खोल्या काढल्या. नातसून वरच राहते. तिचे पोट्टे दिवसभर असेच नाचते. अन् खाली माझ्या महालक्ष्म्या. हिले काल सांजपासून सांगून राहिली, माझ्या घरी बी डोक्यावर माणसं आहेत, मी कुठी नेऊ माझ्या देवाले?"

"पण बाई, देवाच्या डोक्यावर पाय..." म्हातारी म्हणाली.

"देवाच्या कसे? माय हाये ना ती? पेटी उघडून पाह, तिची लेकरं तिच्याच बाजूले ठेवली हायेत. पोट्टे डोक्यावर नाचले तं मायले राग येते काय? तुयाच पोरगा तुया डोक्यावर किती नाचला, फेकून देल्लं तू त्याले?"

मुलानं मान खाली घातली. म्हातारी बराच वेळ गवारीच्या शेंगेशी चाळा करत राहिली. तिचा अर्धा प्रश्न सुटला होता हे दिसत होतं. अर्धा अडकलेला होता.

"पोट्ट्यांचं ठीक हाये," शेवटी ती म्हणाली. "पण न्हाणीघर?"

आता मला इंजिनियरचं रविवारचं ते सहा मजल्यांचं वाक्य आठवलं. मी इंजिनियरला खूण केली. त्यानं पाटाशेजारी जमिनीवर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर गवारीचे ढीग ठेवले. सगळे वाकून बघायला लागले.

"आजी, हे तुमचं घर, पाचव्या मजल्यावरचं. हे न्हाणीघर. सगळ्या मजल्यांवर न्हाणीघर इथंच येतं, एकावर एक. पाण्याचे पाइप सरळ खाली उतरावे लागतात ना, म्हणून. आणि हा देवाचा कोपरा."

"त्याच्या वर?"

"वरच्या घराचाही देवाचाच कोपरा. त्याच्या वर पुन्हा देवाचा."

"म्हंजे माझ्या देवावर देव?"

"हो आजी. शेवटपर्यंत."

म्हातारीनं बोट त्या चौकोनावर ठेवलं आणि तिथून वर, कागदाबाहेर, हवेत सहा वेळा नेलं. मोजून सहा. मग ती इंजिनियरकडं वळली. "अरे बाबू, मंग हे मले परवाच काहून नाही सांगतलं?"

"आजी, तुम्ही फक्त वर काय आहे विचारलंत. मी मजले सांगितले."

"अन् हा कागद?"

तो कागद त्यानं वस्तीत दहादा दाखवला होता. पुरुषमंडळींना, मुलांना, जावयांना. जिच्या नावावर घर होतं, तिच्यासमोर कधी पसरला नव्हता. तिचा फक्त अंगठा हवा होता. मी त्याला कोणत्या तोंडानं बोलणार? मीही तिच्या देवघराला किरकोळ लिहून आलो होतो.

परतताना पेटी म्हातारीच्या मांडीवर होती आणि म्हातारी पुढच्या सीटवर. मी मागं. ठाणेदाराला मागं बसवून पुढं देव आणणारी पोलीस जीप अमरावतीनं तेव्हाच पाहिली असेल. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिनं अठरावा अंगठा उमटवला, पण आधी कागदाशेजारी नकाशा ठेवायला लावला आणि वस्तीतल्या बायांना हाक मारून आपला देवाचा कोपरा दाखवला. त्या बायांनीही मग आपापले कोपरे शोधले. अर्धा तास ती शेवटची सही अडून राहिली आणि कोणी कुरकूर केली नाही.

मिसिंगची फाइल बंद करताना तिचा जबाब घ्यावा लागला. हवालदारानं लिहिलं, 'मी माझ्या मर्जीने गेले होते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "हे बी लिवा का सून चांगली हाये." जबाबात तसं लिहीत नाहीत. आम्ही लिहिलं.

इंजिनियरची मी ठाण्यात सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "सर, तुमच्यामुळं दगड चुकले." हा त्याचा मोठेपणा. माझी चूक त्यानं कमी होत नाही.

इमारत उभी राहायला तीन-साडेतीन वर्षं लागली, तोवर मी निवृत्त झालो होतो. पहिल्या भाद्रपदात जेवणाचं बोलावणं आलं. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं गेलो, उतरलो आणि खरंच चालत पाच मिनिटांत त्यांच्या फाटकात पोचलो. एकही दुचाकी अंगावर आली नाही. खाली हारांची दुकानं लागलेली, वर कचेऱ्यांच्या काचा. फाटकापासून कुंकवाची छोटी छोटी पावलं काढलेली होती, ती लिफ्टच्या दारापर्यंत गेलेली. मी दार उघडलं. आत, मधोमध, दोन पावलं. पाचव्या मजल्यावर दार उघडलं की तिथून पुढं पुन्हा सुरू. लिफ्टमध्ये मी कडेला अंग चोरून उभा राहिलो. ती पावलं तुडवायची माझी हिंमत झाली नाही.

पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. सून वाढत होती, मुलगा आग्रह करत होता. म्हातारी महालक्ष्म्यांसमोर भिंतीला टेकून बसलेली, जांभळ्याच लुगड्यात. जेवण चालू असताना वरच्या मजल्यावर धडधडा कोणीतरी धावलं. पंगतीतल्या एका पाहुण्यानं वैतागून वर बघितलं. म्हातारीनंही वर बघितलं, मग मुखवट्यांकडं, मग त्या पाहुण्याकडं.

"नाचू द्या," ती म्हणाली. "बाळं हायेत."

इतक्या वर्षांच्या नोकरीनं मला काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर मी हेच प्रकरण सांगतो. माणूस बहुतेक वेळा खरं कारण पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो. आपल्याला ते किरकोळ वाटतं. आणि माणसांवर माणसं रचून राहायचं असेल, आता सगळ्यांनाच तसं राहायचं आहे, तर नकाशा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर आधी पसरावा. बाकीच्या शंका तोच फेडून देतो.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला परत आलो. वरच्या घरातल्या पोरांची तक्रार करायला मी त्याआधी दोनदा वर गेलो होतो, एकदा तर निवृत्त पोलीस निरीक्षक अशी ओळख देऊन. दार उघडून आत गेलो, चपला काढल्या, तोच छतावर पळापळ सुरू झाली. बायको म्हणाली, "जाता का वर, सांगायला?"

मी पाय धुतले, देवासमोर दिवा लावला आणि पुरणपोळीचा डबा तिच्या हातात दिला. "जातो," म्हटलं, "पण आधी यातल्या दोन काढून दे. पोरांना देऊन येतो."